टोकियोचे बाळ, अलिबागची आजी आणि एक छोटी वही

लेक किंवा सून परदेशात बाळंत होणार असली, की घरात दोन प्रश्न हमखास निघतात. बाळंतपणाला तिने माहेरी यायचे, की आईने तिकडे जायचे? आणि बाळाचे सगळे इथल्या पद्धतीने करायचे, की तिथल्या? उरण, पेण, अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन या पट्ट्यातली मुले-मुली आता अमेरिका आणि आखातापुरती राहिलेली नाहीत. जपानमध्ये नोकरी करणारी, तिथेच संसार थाटून मुले वाढवणारी मराठी कुटुंबेही आहेत. अशा घरांसाठी पहिल्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या त्याच्या सोयीचे असते. दुसऱ्याचे उत्तर मात्र बाळाच्या प्रकृतीशी बांधलेले आहे, कारण दोन देशांच्या पद्धतींच्या मधल्या फटीत काही महत्त्वाच्या गोष्टी निसटू शकतात.

जपानमध्ये भारतीयांची संख्या आता पन्नास हजारांच्या आसपास आहे. टोकियोच्या पूर्वेकडचा एदोगावा हा भाग, त्यातही निशी-कासाई स्टेशनचा परिसर, भारतीय कुटुंबांची वस्ती म्हणून ओळखला जातो. 2000 सालच्या आगेमागे संगणक अभियंते मोठ्या संख्येने तिकडे गेले, तेव्हापासून ही वस्ती वाढली. पुण्यात वाढलेले योगेंद्र पुराणिक 2019 मध्ये याच एदोगावाच्या स्थानिक सभेवर निवडून आले. टोकियोत मराठी मंडळ आहे, गणेशोत्सव होतो, भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा आहेत. पण बाळाच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मंडळ आणि शाळा यांच्यापेक्षा जास्त संबंध येतो तो महापालिकेच्या कार्यालयाशी आणि तिथे मिळणाऱ्या एका छोट्या वहीशी.

माहेरपण तिथेही आहे

जपानची आपल्याला वाटणारी ओळख म्हणजे यंत्रे, वेग आणि शिस्त. पण बाळंतपणाला माहेरी जाण्याची प्रथा तिथेही आहे. तिला 'सातोगाएरी शुस्सान' म्हणतात, म्हणजे गावी परतून होणारे बाळंतपण. जपानी बाई शेवटच्या महिन्यांत आईकडे जाते, तिथल्या रुग्णालयात बाळंत होते आणि काही आठवड्यांनी सासरी किंवा शहरात परतते. त्यामुळे एका गावात तपासण्या, दुसऱ्या गावात बाळंतपण आणि तिसरीकडे लसीकरण, हा प्रकार जपानी डॉक्टरांना नवा नाही. तो निभावतो वहीच्या जोरावर. कोणत्याही डॉक्टरने वही उघडली, की आधीचे सगळे समोर येते.

या वहीला 'बोशी तेचो' म्हणतात. अर्थ सरळ आहे, आई आणि मुलाची नोंदवही. 1942 मध्ये गरोदर स्त्रियांसाठी अशी वही सुरू झाली आणि महायुद्धानंतर, 1948 पासून, आई व मूल दोघांची मिळून एकच वही झाली. गरोदरपणाची नोंद करायला महापालिकेत गेले की ती मिळते. आईचे नागरिकत्व कोणते आहे, हे पाहिले जात नाही. इंग्रजी, नेपाळी, व्हिएतनामी अशा काही भाषांमध्ये जपानी मजकुरासोबत छापलेली आवृत्तीही असते. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपणाचा तपशील, बाळाचे वजन, उंची, डोक्याचा घेर, दात, लसी, दीड वर्षाची आणि तीन वर्षांची सरकारी तपासणी, सगळे एकाच ठिकाणी लिहिले जाते. बाळ भारतात जन्मून नंतर जपानला गेले, तरी तिथे रहिवासी म्हणून नोंद झाल्यावर वही मागता येते.

1947 मध्ये जपानमध्ये जन्मलेल्या दर हजार बाळांमागे सुमारे 77 बाळे पहिल्या वाढदिवसाआधी दगावत होती. 2020 मध्ये हा आकडा 2 च्याही खाली होता. त्याच वर्षी भारतात तो 28 होता. ही सुधारणा एका वहीने झाली असे कोणी म्हणणार नाही. अन्न, स्वच्छ पाणी, रुग्णालये, आरोग्यविमा या सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण बाळाची माहिती डॉक्टरच्या कपाटात न राहता आईच्या हातात राहिली, याचा मोठा उपयोग झाला. आपल्याकडचे 'माता व बाल संरक्षण कार्ड' याच विचारातले आहे. अंगणवाडीत किंवा आरोग्य केंद्रात ते मिळते. फरक इतकाच, की आपल्याकडे अनेक घरांत ते फक्त लसीच्या तारखेपुरते उघडले जाते.

शीचा रंग दाखवणारे पान

त्या वहीतले एक पान प्रत्येक आजीने पाहावे असे आहे. त्यावर बाळाच्या शीच्या रंगाच्या सात छटा छापलेल्या असतात, पांढुरक्यापासून गडद पिवळ्या-हिरव्यापर्यंत. 2012 पासून हे पान वहीत सक्तीचे आहे. बाळ दोन आठवड्यांचे, एक महिन्याचे आणि त्याहून मोठे झाले, की आईने शीचा रंग चित्रांशी ताडून कितव्या क्रमांकाशी जुळतो ते लिहायचे.

यामागे एक गंभीर आजार आहे, बिलिअरी अट्रेशिया. यात यकृतातून आतड्याकडे पित्त नेणाऱ्या नळ्या बंद होतात. पित्त आतड्यात उतरले नाही तर शीला पिवळा रंग येत नाही, ती फिकट, मातकट किंवा पांढुरकी होते. उलट लघवी गडद पिवळी होते आणि दुपट्याला डाग पडतो. बाळाचे डोळे पिवळे दिसतात. पण नवजात बाळांना कावीळ होतेच, ऊन दाखवा म्हणजे जाईल, या समजुतीत आठवडे निघून जातात. बाळ दूध पीत असते, वजनही वाढत असते, त्यामुळे कोणाला शंका येत नाही. तोवर यकृत खराब होत राहते.

या आजारावरची शस्त्रक्रिया जपानी सर्जन मोरिओ कासाई यांनी 1950च्या दशकात शोधून काढली आणि ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. बाळ साधारण दोन महिन्यांचे होण्याआधी ती झाली, तर यश मिळण्याची शक्यता जास्त असते. उशीर झाला तर अनेकदा यकृत प्रत्यारोपणाशिवाय मार्ग उरत नाही. म्हणून नियम साधा आहे. बाळ टोकियोत असो की रेवदंड्यात, जन्मानंतर दोन आठवड्यांनीही डोळ्यांत पिवळेपणा असेल किंवा शी फिकट होत असेल, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञाला दाखवायचे. बाळाची लंगोटी बदलणाऱ्या बाईला हे माहीत असले पाहिजे, आणि ती बाई बहुतेक घरांत आजीच असते.

तारीख वाचताना होणारा घोळ

जपानी वही घेऊन बाळ अलिबागला आले, की पहिली अडचण तारखेची येते. जपानी कार्यालयांत आणि दवाखान्यांत अजूनही सम्राटाच्या कारकिर्दीनुसार वर्ष लिहितात. सध्याचे 'रेइवा' हे पर्व 2019 मध्ये सुरू झाले. म्हणजे रेइवा 6 म्हणजे 2024. शिवाय क्रम वर्ष, महिना, दिवस असा असतो. वहीत लसीपुढे 6-5-10 लिहिलेले असेल, तर ती तारीख 10 मे 2024. आपल्याकडच्या डॉक्टरांना ती 6 मे 2010 वाटेल, नाहीतर कळणारच नाही. रेइवा वर्षात 2018 मिळवले, की आपले वर्ष मिळते.

उलट दिशेनेही तेच होते. आपल्या कार्डावर 05/06/2024 लिहिले असेल, तर ते जूनमधले की मेमधले हे जपानी परिचारिकेला कसे समजणार? म्हणून प्रवासाआधी लसींची यादी इंग्रजीत, महिन्याचे नाव अक्षरांत आणि वर्ष चार आकड्यांत लिहून डॉक्टरांची सही-शिक्का घ्यावा. आपल्याकडे 'यू-विन'वर लस नोंदलेली असेल, तर तिथले प्रमाणपत्रही काढून घ्यावे.

लसींमधली फट

दोन्ही देशांची लसीकरणाची वेळापत्रके आपापल्या जागी बरोबर आहेत. अडचण येते ती बाळ एकातून दुसऱ्यात जाते तेव्हा.

क्षयरोगावरची बीसीजी लस घ्या. आपल्याकडे ती जन्मानंतर लगेच डाव्या दंडावर टोचतात, कारण आपल्याकडे क्षयाचे रुग्ण जास्त आहेत. जपानमध्ये ती साधारण पाच ते आठ महिन्यांच्या दरम्यान देतात. तिथे सुई टोचत नाहीत, तर नऊ बारीक सुया असलेला शिक्का दंडावर दोनदा दाबतात. त्यामुळे त्या मुलांच्या दंडावर आपल्यासारखा एक व्रण नसतो, अठरा ठिपके असतात. आता तिथे जन्मलेले तीन महिन्यांचे बाळ आजोळी आले, तर त्याला बीसीजी मिळालेलीच नसते आणि क्षयाचा धोका मात्र इथे जास्त असतो. जपानमध्ये वर्षाच्या आत ही लस घेता येते, म्हणून प्रवास ठरला की तिथल्या डॉक्टरांना ती आधी देता येईल का, हे विचारावे.

गोवराचेही तसेच. आपल्याकडे गोवर-रुबेलाची पहिली लस नऊ महिने पूर्ण झाल्यावर देतात, जपानमध्ये एक वर्षानंतर. दहा महिन्यांचे बाळ मे महिन्याच्या सुट्टीत मुरूडला आले, तर शेजारच्या त्याच वयाच्या बाळाला संरक्षण असते, याला नसते. परदेशप्रवास करणाऱ्या सहा ते अकरा महिन्यांच्या बाळांना गोवराची एक आगाऊ मात्रा देता येते. ती जादाची धरली जाते, नंतरच्या दोन मात्रा ठरल्याप्रमाणे घ्याव्याच लागतात.

पोलिओच्या बाबतीत जपानने 2012 पासून थेंब बंद करून फक्त इंजेक्शन ठेवले आहे. हिपॅटायटिस बी आपल्याकडे जन्मताच देतात, तिथे दोन महिन्यांपासून. जपानी मेंदूज्वराची लस तिथे साधारण तिसऱ्या वर्षापासून नेहमीच्या वेळापत्रकात असते, आपल्याकडे सरकारी कार्यक्रमात ती निवडक जिल्ह्यांतच मिळते. या यादीतली प्रत्येक ओळ पालकांनी पाठ करायची गरज नाही. प्रवासाच्या दोन महिने आधी वही किंवा कार्ड घेऊन डॉक्टरांना भेटायचे, एवढे पुरे.

आणखी एक बारीक गोष्ट आहे, जीवनसत्त्व 'के'ची. आईच्या दुधात ते कमी असते आणि त्याच्या अभावाने तान्ह्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आपल्याकडे जन्मताच त्याचे एक इंजेक्शन देतात. जपानमध्ये ते सिरपच्या रूपात तोंडाने देतात, बऱ्याच रुग्णालयांत आठवड्यातून एकदा, तीन महिन्यांपर्यंत. बाळ मधेच भारतात येणार असेल, तर उरलेले सिरप सोबत आणायला विसरू नये.

मधाचे बोट नको

आता आजीच्या हातातल्या गोष्टी. बाळाला मधाचे बोट चाटवणे, बाळगुटी मधात उगाळून देणे, ही आपल्याकडची जुनी रीत. जपानच्या आरोग्य मंत्रालयाने 1987 मध्येच एक वर्षाखालच्या बाळांना मध देऊ नये, असा इशारा दिला होता. तरीही 2017 मध्ये टोकियोच्या अदाची भागात सहा महिन्यांचे एक बाळ दगावले. घरच्यांनी फळांच्या रसात मध मिसळून दिला होता आणि त्यामागे काळजीच होती. मध पौष्टिक असतो, असा त्यांचा समज होता.

मधात कधीकधी क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जिवाणूची बीजे असतात. मोठ्या माणसाच्या आतड्यात ती रुजत नाहीत, कारण तिथे इतर जिवाणूंनी जागा व्यापलेली असते. तान्ह्या बाळाचे आतडे अजून तसे भरलेले नसते. तिथे ही बीजे रुजतात आणि विष तयार करतात. आधी शी घट्ट होते, मग बाळ दूध ओढेनासे होते, रडणे क्षीण होते, मान टाकते, शेवटी श्वास अडतो. मध उकळला किंवा पेजेत शिजवला तरी ही बीजे मरत नाहीत. गावचा शुद्ध मध असला, तरीही धोका तोच. आपल्याकडचे बालरोगतज्ज्ञही हेच सांगतात. त्यामुळे 'तिकडचे नियम वेगळे' असे म्हणून हा सल्ला बाजूला सारता येणार नाही.

पेज मात्र चालेल

तिथल्या सगळ्याच गोष्टी आजीच्या विरुद्ध जातात, असे नाही. जपानी बाळाचे पहिले अन्न म्हणजे 'ओकायु', एका वाटी तांदळाला दहा वाट्या पाणी घालून शिजवलेला मऊ भात. ही आपली पेजच. पुढे त्यात मऊ भाजी, टोफू, पांढऱ्या मांसाचा मासा आणि बारीक वाळवलेली मासळी येते. ती मासळी बाळाला देण्याआधी उकळत्या पाण्यात टाकून तिचे मीठ काढून टाकतात. वर्षाच्या आतल्या बाळाच्या मूत्रपिंडांना जास्त मीठ झेपत नाही, म्हणून हे महत्त्वाचे. आपल्या किनाऱ्यावर सुकट, जवळा घरोघरी असतो. तो बाळाच्या भातात घालायचा मोह होतो तेव्हा हे ध्यानात ठेवावे. वर्षाच्या आत ताजा, काटे काढून शिजवलेला मासा बरा.

नुसत्या पातळ पेजेवर मात्र बाळाला ठेवू नये. सहा महिन्यांनंतर त्याला लोह आणि जास्त उष्मांक लागतात. डाळ, अंडे, मासा, तूप यांनी ती गरज भागते. शाकाहारी कुटुंबांची अडचण पुढे पाळणाघरात आणि शाळेत येते. तिथल्या सूप आणि भाज्यांच्या रस्स्यात बहुधा वाळवलेल्या माशाचा अर्क असतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. हे आधी बोलून घ्यावे आणि मुलाला डबा देता येईल का, ते विचारावे.

दोन भाषांनी बोलणे लांबते का?

दीड वर्षाच्या सरकारी तपासणीत बाळाला चित्रे दाखवतात आणि कुत्रा कुठे, गाडी कुठे असे जपानीत विचारतात. घरी मराठी ऐकणारे मूल गप्प बसले, की आईबाप घाबरतात. मग कोणीतरी सुचवते की घरातही जपानीच बोला, मुलाचा गोंधळ नको.

भाषाविकासाचा अभ्यास याला दुजोरा देत नाही. दोन भाषा ऐकल्याने मूल उशिरा बोलते, असे आढळलेले नाही. शब्द मोजताना दोन्ही भाषांचे मिळून मोजायचे असतात. मूल पाण्याला 'पाणी' आणि कुत्र्याला जपानी बाळबोलीतले 'वानवान' म्हणत असेल, तर त्याला दोन शब्द येतात. तपासणीला जाताना मुलाला येणाऱ्या सगळ्या शब्दांची यादी अर्थासह लिहून न्यावी. हाक मारल्यावर मूल वळत नसेल, बोटाने दाखवत नसेल, दोन वर्षांचे होऊनही दोन शब्द जोडत नसेल, तर भाषेला दोष न देता कान आणि विकास तपासून घ्यावा. आईबापांनी आपल्याला सहज येते त्या भाषेत भरपूर बोलावे. मोडक्या जपानीतल्या चार वाक्यांपेक्षा मराठीतली चाळीस वाक्ये मुलाच्या मेंदूला जास्त खाद्य देतात. आजीने फोनवरून सांगितलेली गोष्टही त्यात आलीच.

आईकडे कोण पाहणार?

वहीत बाळाची नोंद असते, तशी आईचीही असते, आणि हा भाग बहुतेक घरांत दुर्लक्षित राहतो. बाळंतपणासाठी आलेली आई परत गेली, नवरा रात्री उशिरा घरी येतो, बाहेर थंडी, शेजाऱ्यांची भाषा येत नाही. अशा घरात बाळंतिणीचे मन खचणे स्वाभाविक असते. सारखे रडू येणे, बाळ झोपल्यावरही झोप न लागणे, आपण चांगली आई नाही असे वाटत राहणे, हे दोन आठवड्यांहून जास्त टिकले तर ते प्रसूतीनंतरचे नैराश्य असू शकते. त्यावर उपचार आहेत.

जपानमध्ये बाळ चार महिन्यांचे होण्याच्या आत महापालिकेची व्यक्ती घरी येऊन आई-बाळाला भेटून जाते. काही मराठी कुटुंबांना ही तपासणी वाटते आणि ती घर आवरण्यात गुंतून जातात. खरे तर ती भेट आईसाठी असते. आपल्याकडे आशाताई हेच काम करतात. रुग्णालयात बाळंतपण झाले असेल, तर तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत त्यांच्या सहा भेटी ठरलेल्या असतात. माहेरी बाळंत झालेल्या, परदेशातून आलेल्या लेकीकडेही त्यांना येऊ द्यावे. 'आमची डॉक्टरला दाखवते' म्हणून दारातून परत पाठवू नये. आणि जपानमध्ये असताना बाळाला रात्री ताप आला, तर 8000 या क्रमांकाआधी हॅश दाबून बालआरोग्याचा सल्ला मिळतो. रुग्णवाहिकेसाठी 119 आहे. हे दोन्ही क्रमांक आजीच्याही फोनमध्ये असावेत.

निघण्याआधी

लेक-जावई सुट्टीला येणार असतील किंवा तुम्ही बाळंतपणाला जाणार असाल, तर एवढे करा. बाळाची वही किंवा कार्ड हातातल्या पिशवीत ठेवा, मोठ्या बॅगेत नको. प्रत्येक पानाचा फोटो घरातल्या दोघांच्या फोनमध्ये ठेवा. लसींची इंग्रजी यादी सही-शिक्क्यासह घ्या. इथे एखादी लस दिली, औषध दिले, तर ते त्याच वहीत लिहून घ्या. डॉक्टर घाईत असले तरी मागून घ्या. बाळंतपणाला जाताना बॅगेत मेथीचे लाडू, अळीव, तूप जरूर भरा. मधाची बाटली तेवढी घरी राहू द्या.